कामगारांसाठीचा सूचनाफलक : चिकित्सालये, औषधी दुकाने व रसशाळा यांचे दुर्लक्षित कर्तव्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. यांपैकी परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आस्था आणि शुचिता असे चार गुण अपेक्षिले आहेत. आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून हे पाठ करीत आलो आहोत. तथापि, या परिचारकाविषयी, म्हणजेच आजच्या भाषेत कंपाउंडर, पंचकर्म सहायक, औषधे कुटणारा, वाळवणारा, बाटल्या भरणारा व लेबले लावणारा कामगार यांच्याविषयी, प्रचलित कायदा आपल्याकडून काय अपेक्षितो, याची चर्चा आपल्या व्यासपीठावर क्वचितच होते.

कोणत्याही चिकित्सालयात वा औषधी दुकानात प्रवेश केला असता भिंतीवर भगवान धन्वंतरीची प्रतिमा, वैद्यांचे पदवी व नोंदणी प्रमाणपत्र, निर्मात्याकडे औषधनिर्मितीचा परवाना आणि एखादे सन्मानपत्र दिसते. हे सर्व कागद रुग्णाशी, ग्राहकाशी किंवा शासनाच्या औषध विभागाशी बोलणारे आहेत. तेथेच दिवसाचे आठ-दहा तास काम करणाऱ्या व्यक्तीशी बोलणारा कागद मात्र बहुधा आढळत नाही. कायद्याने तो आवश्यक केला आहे. अनेक बाबतीत तर एकच कामगार असलेल्या लहान चिकित्सालयालाही त्यातून सूट नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील व्यावसायिकांच्या दृष्टीने या विषयाची मांडणी केली आहे.

फलक लावण्यामागील तत्त्व

कामगारविषयक कायद्याचा गोषवारा कामाच्या जागी लावण्याची तरतूद नवीन नाही. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात कायद्याचा व नियमांचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेत लावण्याचा आदेश होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तशीच तरतूद होती व तो फलक मुख्य प्रवेशद्वाराजवळ, सहज दिसेल अशा जागी असावा असे म्हटले होते. यामागील विचार सरळ आहे. कामगार राजपत्र वाचत नाही. आपले किमान वेतन किती, पगार कोणत्या तारखेपर्यंत मिळावयास हवा, तक्रार कोणाकडे न्यावी, हे त्याला समजावे यासाठी ती माहिती त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या भाषेत असणे आवश्यक आहे. म्हणून भिंतीवरील फलक हा कायदा कामगारापर्यंत पोचविण्याचा एक मार्ग होय. तो लावला पण वाचता येत नसेल, किंवा त्यावरील दर तीन वर्षांपूर्वीचे असतील, तर तो लावण्याचा हेतूच सिद्ध होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ नंतरची स्थिती

केंद्र शासनाने कामगारविषयक २९ कायदे एकत्र करून चार संहिता तयार केल्या : वेतन संहिता, २०१९, औद्योगिक संबंध संहिता, २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०. या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यामुळे किमान वेतन अधिनियम, वेतन प्रदान अधिनियम, कारखाने अधिनियम, प्रसूती लाभ अधिनियम, उपदान अधिनियम हे सर्व स्वतंत्र कायदे म्हणून निरसित झाले व त्यांतील तरतुदी, काही फरकाने, संहितांमध्ये समाविष्ट झाल्या.

या ठिकाणी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, संक्रमणकाळात जुन्या कायद्यांखालील नियम, अधिसूचना व वेतनदर हे नव्या संहितांशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते चालू राहतात. म्हणून भिंतीवरील जुने तक्ते एकाएकी उतरवून भिंत रिकामी करू नये. नव्या नियमांनी जो नमुना विहित केला असेल तो तयार करून त्या जागी लावावा व मगच जुना काढावा. दुसरी अशी की, बाजारात ‘सर्व कामगार कायदे एकाच तक्त्यात’ अशा स्वरूपाचे छापील तक्ते मिळतात. अशा तक्त्यावर केवळ निरसित कायद्यांची नावे असतील आणि आपल्या आस्थापनेचे वेतनदर व पगाराची तारीख यांसाठी जागाच नसेल, तर तो विकत घेऊन कर्तव्य पूर्ण होत नाही. पुढे स्पष्ट होईल त्याप्रमाणे, आवश्यक माहितीचा महत्त्वाचा भाग हा आपल्या आस्थापनेपुरताच असतो व तो कोणत्याही छापखान्यात तयार मिळू शकत नाही.

चिकित्सालय ‘आस्थापना’ आहे काय?

हा प्रश्न आपल्या व्यवसायात फार जुना आहे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली डॉक्टरांचा खाजगी दवाखाना ही ‘व्यापारी आस्थापना’ नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉ. देवेंद्र सुरती विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात दिला होता. त्या निर्णयाच्या आधारे आजही अनेक ज्येष्ठ वैद्य ‘आम्हास कामगार कायदे लागू नाहीत’ असे म्हणतात. परंतु महाराष्ट्रात १९४८ च्या कायद्याची जागा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ ने घेतली असून, त्यातील ‘आस्थापना’ या शब्दाच्या व्याख्येत वैद्यकीय व्यावसायिकाची आस्थापना, रुग्णालय, दवाखाना, चिकित्सालय, प्रसूतिगृह यांचा नामनिर्देशपूर्वक समावेश आहे. वेतन संहितेतील व्याख्या त्याहूनही व्यापक आहे. ज्या ठिकाणी उद्योग, व्यापार, व्यवसाय, निर्मिती किंवा कोणताही धंदा चालतो ती आस्थापना होय, आणि जो एक किंवा अधिक कर्मचारी नेमतो तो नियोक्ता होय. सारांश, एक कंपाउंडर ठेवणारा वैद्यही वेतन संहितेच्या दृष्टीने नियोक्ता आहे.

एक कामगार असला तरी लागू होणाऱ्या बाबी

१. वेतनविषयक सूचना. वेतन संहितेच्या कलम ५० नुसार प्रत्येक नियोक्त्याने आस्थापनेतील ठळक जागी सूचनाफलकावर पुढील माहिती लावावयाची आहे : संहितेचा गोषवारा, कर्मचाऱ्यांच्या वर्गवारीनुसार वेतनदर, वेतनाचा कालावधी, वेतन देण्याचा दिवस किंवा तारीख व वेळ, आणि त्या क्षेत्रातील निरीक्षक तथा सुविधाकाराचे नाव व पत्ता. शेतीच्या किंवा घरगुती कामासाठी पाचपेक्षा अधिक नसलेली माणसे ठेवणाऱ्यास यातून सूट आहे. चिकित्सालय, दुकान वा रसशाळा यांना अशी सूट नाही. ज्या औषधनिर्मात्यांचे स्वतःचे वनौषधींचे मळे आहेत, त्यांनी मळ्यावरील माणसे व रसशाळेतील माणसे यांची सरमिसळ करू नये. सूट असलीच तर ती मळ्यावरील शेतीकामापुरती असते.

याच कलमानुसार प्रत्येक कर्मचाऱ्यास वेतनचिठ्ठी देणे बंधनकारक आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावयाचे असते. फलकावर ‘दरमहा ७ तारखेपूर्वी’ असे लिहून प्रत्यक्षात वीस तारखेला पगार देणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच भिंतीवर टांगण्यासारखे आहे. म्हणून जी तारीख पाळता येईल, आणि जी कायद्याच्या मर्यादेत असेल, तीच लिहावी.

महाराष्ट्रात किमान वेतनाचा एक भाग मूळ दराचा व दुसरा विशेष भत्त्याचा असतो. विशेष भत्त्याचे दर १ जानेवारी व १ जुलै असे वर्षातून दोन वेळा बदलतात. दुकाने व व्यापारी आस्थापना, रुग्णालये इत्यादी रोजगारांचे दर वेगवेगळे असून ते परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा वर्गवारीनुसार ठरतात. त्यामुळे वर्षातून दोनदा वेतनदराचा कागद बदलणे अनिवार्य होते. पुण्यातील मुख्य दुकान व तालुक्याच्या गावी असलेली शाखा यांचे परिमंडळ भिन्न असू शकते. एकाच तक्त्याच्या छायाप्रती सर्व शाखांत लावू नयेत.

२. दंडाची सूचना. आपल्या अनेक दुकानांत व रसशाळांत ‘उशीर झाल्यास पन्नास रुपये दंड’, ‘बाटली फुटल्यास किंमत पगारातून’ असे तोंडी नियम चालतात. वेतन संहितेच्या कलम १९ नुसार ज्या कृतींसाठी दंड आकारावयाचा त्या शासनाच्या मान्यतेने सूचनेद्वारे निश्चित केलेल्या असल्या पाहिजेत व ती सूचना कामाच्या जागी लावलेली असली पाहिजे. त्याशिवाय दंड आकारता येत नाही. दंडापूर्वी कामगारास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. एका वेतनकालावधीतील एकूण दंड त्या कालावधीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, आणि ९० दिवस उलटल्यावर तो वसूल करता येत नाही. वसूल झालेली रक्कम नोंदवहीत दाखवून कामगारांच्या हितासाठीच वापरावी लागते, ती गल्ल्यात जमा करता येत नाही. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची कपात ही दंडाहून वेगळी बाब आहे. तिची तरतूद स्वतंत्र असली तरी तेथेही कामगाराचे म्हणणे ऐकणे आवश्यकच आहे. थोडक्यात, जेथे सूचना लावलेली नाही तेथे दंडाचा अधिकारही नाही.

३. बालकामगारविषयक सूचना. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व विनियमन) अधिनियम, १९८६ हा चार संहितांमध्ये विलीन झालेला नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील बालकास कोणत्याही व्यवसायात कामास ठेवता येत नाही, आणि १४ ते १८ वयोगटातील किशोरास धोकादायक व्यवसायात व प्रक्रियेत ठेवता येत नाही. याच कायद्याच्या कलम १२ नुसार, किशोरांच्या नेमणुकीस मनाई करणारे कलम व शिक्षेचे कलम यांचा गोषवारा स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत कामाच्या जागी लावणे भोगवटादारावर बंधनकारक आहे. मुळ्या निवडण्यास, पाने वाळविण्यास किंवा सुट्टीच्या दिवसांत दुकानात ‘हाताखाली’ म्हणून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या गुन्ह्यास सहा महिने ते दोन वर्षे कारावास किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

४. लैंगिक छळाच्या दंडात्मक परिणामांची सूचना. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ हाही स्वतंत्र कायदा असून तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १९ नुसार लैंगिक छळाचे दंडात्मक परिणाम कामाच्या ठिकाणी ठळकपणे लावणे हे प्रत्येक नियोक्त्याचे कर्तव्य आहे. या मुद्द्याचा पुढे स्वतंत्र विचार केला आहे.

५. मराठी नामफलक. हा अंतर्गत फलक नसला तरी त्याच २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाचा भाग असल्याने येथे नमूद करतो. २०२२ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ३६-क नुसार कामगारांची संख्या कितीही असली तरी आस्थापनेचा नामफलक देवनागरी लिपीत मराठीत असला पाहिजे, मराठी अक्षरे आरंभी असली पाहिजेत व ती अन्य भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी या तरतुदीच्या पालनासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. ती मुदत केव्हाच संपली आहे.

दहा किंवा अधिक कामगार असल्यास

आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे असल्यास पुढील बाबींची भर पडते.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार कामाच्या तासांची सूचना लावून ती अद्ययावत ठेवावी लागते. कोणत्या दिवशी कोणत्या वेळात कामगारास काम करावे लागेल, हे तीवरून स्पष्ट कळले पाहिजे. सकाळ-सायंकाळ अशा दोन सत्रांत चालणाऱ्या चिकित्सालयात आणि रात्रपाळी असलेल्या आंतररुग्ण विभागात ही सूचना विशेष महत्त्वाची ठरते. दुपारची मोकळी वेळ कामात धरावयाची की नाही यावरून होणारे वाद बहुधा अशा सूचनेच्या अभावातूनच उद्भवतात. याच संहितेनुसार प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणेही आवश्यक आहे.

सामाजिक सुरक्षा संहितेतील प्रसूती लाभाच्या प्रकरणाचा व नियमांचा गोषवारा, स्त्रिया काम करीत असतील अशा आस्थापनेच्या प्रत्येक भागात स्थानिक भाषेत लावावयाचा आहे. ‘प्रत्येक भागात’ या शब्दांकडे लक्ष वेधावेसे वाटते. कार्यालयात एक कागद लावून भागत नाही. पॅकिंग विभागात स्त्रिया असतील तर तेथेही तो हवा. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीस, पहिल्या दोन अपत्यांच्या बाबतीत २६ आठवड्यांपर्यंत सवेतन रजा मिळते आणि त्या अनुपस्थितीत तिला कामावरून काढता येत नाही. गर्भिणी परिचर्येचे महत्त्व समाजाला सांगणाऱ्या आपल्या व्यवसायाने स्वतःच्या आस्थापनेतील गर्भिणीस हा हक्क माहीत करून देऊ नये, हे शोभणारे नाही.

दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास लैंगिक छळविरोधी कायद्याखालील अंतर्गत समिती स्थापन करावी लागते व तिच्या स्थापनेचा आदेश फलकावर लावावा लागतो.

कारखान्याच्या व्याख्येबाबतही बदल झाला आहे. विजेचा वापर असल्यास २० व नसल्यास ४० कामगार ही संहितेतील मर्यादा आहे. परंतु आपली रसशाळा या मर्यादेखाली आली म्हणून सर्व बंधने संपली, असा अर्थ काढू नये. दहा कामगारांची मर्यादा गाठताच कार्यस्थितीविषयक वरील तरतुदी लागू होतात. तसेच दुकाने व आस्थापना अधिनियमाखालील नोंदणीची मर्यादा २०२५ च्या दुरुस्तीने दहावरून वीस कामगार अशी वाढविण्यात आली असली, तरी त्याहून कमी कामगार असलेल्यांनी व्यवसायाची सूचना शासनास देणे आवश्यकच आहे. कोणत्या कायद्यासाठी एक, कोणत्यासाठी दहा आणि कोणत्यासाठी वीस ही संख्या पाहावयाची, याचा गोंधळ होऊ देऊ नये.

पंचकर्म केंद्रांनी विशेष दक्षता घ्यावी

लैंगिक छळविरोधी कायद्याचा फलक हा आपल्या व्यवसायात सर्वाधिक उपेक्षित आणि कदाचित सर्वाधिक आवश्यक आहे. स्नेहन, स्वेदन, बस्ती यांसारखे उपक्रम बंद खोलीत, रुग्णाच्या निकट सान्निध्यात करावे लागतात. सहायक म्हणून काम करणाऱ्या तरुणी अनेकदा अन्य गावांतून आलेल्या असतात. रुग्णाने वा सहकाऱ्याने अनुचित वर्तन केल्यास तक्रार कोणाकडे करावी हे त्यांना ठाऊक नसते. नोकरी जाण्याच्या भीतीने त्या गप्प राहतात किंवा काम सोडून जातात. केंद्रचालकास त्याचे कारण कधीच समजत नाही.

कायद्याने येथे नियोक्त्यावर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. सुरक्षित वातावरण देणे याचा अर्थ केवळ सहकाऱ्यांपासून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या कोणाही व्यक्तीपासून सुरक्षितता देणे होय. रुग्ण आणि त्याचे नातेवाईक त्यात येतात. दुसऱ्या बाजूने पाहता, ‘पीडित स्त्री’ ही त्या ठिकाणी नोकरीस असलीच पाहिजे असे नाही. म्हणजे उपचारासाठी आलेल्या स्त्रीरुग्णासही या कायद्याचे संरक्षण आहे. कायद्याच्या व्याख्येत रुग्णालये व शुश्रूषागृहे यांचा कामाचे ठिकाण म्हणून नामनिर्देश केलेला आहे.

अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी लागते. कर्मचाऱ्यांपैकी किमान दोन सदस्य आणि एक बाहेरील सदस्य असावा लागतो, व निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया असाव्या लागतात. घटनेपासून साधारणतः तीन महिन्यांच्या आत तक्रार करावयाची असते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या केंद्रातील स्त्रीस जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. म्हणून लहान केंद्रांनी दंडात्मक परिणामांच्या सूचनेखालीच जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता लिहावा, अशी आग्रहाची सूचना आहे. हा फलक कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत व रुग्णांच्या प्रतीक्षाकक्षात अशा दोन्ही ठिकाणी लावावा. प्रतीक्षाकक्षातील फलक पाहून सभ्य रुग्ण नाराज होत नाही. असभ्य रुग्ण सावध होतो, आणि तेच आपणास हवे आहे. या कायद्यातील कर्तव्ये न पाळल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एक नेहमीचा आक्षेप

‘भिंतीवर कायदा लावला की कामगार वाद घालू लागतात’, असे मत अनेक दुकानमालक खाजगीत व्यक्त करतात. या आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार करू. ज्या आस्थापनेत किमान वेतन दिले जात नाही तेथे फलक लावल्यावर प्रश्न विचारले जातील, हे खरे आहे. परंतु तेथे व्याधी वेतनाचा आहे. फलकाने फक्त त्याचे निदान होते, आणि लक्षण दडपल्याने व्याधी शांत होत नाही हे वैद्यास निराळे सांगावयास नको.

शिवाय कायद्याची रचना अशी आहे की मौनाचा लाभ मालकास होत नाही. कमी वेतन दिल्याचा दावा कामगार तीन वर्षांपर्यंत करू शकतो, आणि वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भार वेतन संहितेने नियोक्त्यावर टाकला आहे. समजा, एखाद्या रसशाळेतून काम सोडून गेलेल्या कामगाराने दोन वर्षांनी दावा केला. मालकाकडे वेतनचिठ्ठ्या नाहीत, नोंदवही अपुरी आहे, फलकावर वेतनदर कधीच नव्हते. अशा मालकाने पूर्ण पगार दिलेला असला तरी तो सिद्ध कसा करणार? याउलट दिनांकासह लावलेले वेतनदर, दरमहाच्या चिठ्ठ्या आणि नोंदवही यांचा मेळ बसत असेल तर मालकाचे म्हणणे आपोआप बळकट होते. जो फलक कामगारास हक्क सांगतो तोच मालकाचेही रक्षण करतो.

दंडाबाबत अवास्तव भीती बाळगण्याचेही कारण नाही. वेतन संहितेखाली फलकासारख्या बाबतीतील उल्लंघनास २०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि, खटला भरण्यापूर्वी निरीक्षक तथा सुविधाकाराने लेखी निर्देश देऊन पूर्ततेसाठी मुदत देणे आवश्यक आहे, आणि त्या मुदतीत पूर्तता केल्यास खटला भरला जात नाही. मात्र पाच वर्षांच्या आत तीच चूक पुन्हा झाल्यास ही सवलत मिळत नाही, आणि पहिल्या दोषसिद्धीनंतर पाच वर्षांत पुन्हा दोषी ठरल्यास एक महिन्यापर्यंत कारावास किंवा ४०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

फलक कसा व कोठे असावा

व्यवहारात उपयुक्त ठरतील अशा काही सूचना पुढे देत आहोत.

(अ) जागा. वैद्यांच्या खुर्चीमागील किंवा कार्यालयाच्या कपाटाच्या दारामागील जागा निवडू नये. जेथे कामगार हजेरी लावतात, डबा खातात वा पाणी पितात तेथे, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर फलक असावा. क्वाथाच्या भट्ट्यांजवळ वाफेने आणि तैलपाकाच्या जागी तेलाने कागद खराब होतो. तेथे प्लास्टिकचे आवरण किंवा काचेची चौकट वापरावी.

(आ) भाषा. मराठी आवश्यक आहेच. बालकामगारविषयक सूचना इंग्रजीतही हवी. परप्रांतीय कामगार बहुसंख्य असतील तर हिंदीतील प्रतही जोडावी. कायद्याची भाषा जशीच्या तशी उतरविण्याबरोबरच मुख्य बाबी सोप्या शब्दांत द्याव्यात.

(इ) अक्षर. दोन-तीन फुटांवरून वाचता येईल इतके मोठे असावे. बारीक अक्षरांतील वीस कायद्यांचा तक्ता लावण्यापेक्षा वाचता येतील असे पाच स्वतंत्र कागद लावणे केव्हाही श्रेयस्कर.

(ई) दिनांक. प्रत्येक कागदाच्या तळाशी लावल्याची तारीख व जबाबदार व्यक्तीची स्वाक्षरी असावी. जानेवारी व जुलैमध्ये नवे वेतनदर लावल्यावर जुना कागद फाडून न टाकता धारिकेत ठेवावा व फलकाचे छायाचित्र काढून ठेवावे.

(उ) वाचून दाखविणे. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना हा मजकूर नेमणुकीच्या वेळी एकदा व वेतनदर बदलतील तेव्हा पुन्हा वाचून दाखवावा. कायद्याच्या शब्दांत ही अट आढळणार नाही, परंतु कायद्याचा हेतू यातूनच साध्य होतो.

वेतनविषयक सूचनेचा मजकूर ढोबळमानाने असा असू शकेल : आस्थापनेचे नाव व पत्ता, वर्गवारी, उदाहरणार्थ औषधनिर्मिती सहायक, पंचकर्म सहायक, विक्रेता, मदतनीस, प्रत्येक वर्गाचे मूळ वेतन, विशेष भत्ता व एकूण रक्कम, दर लागू झाल्याची तारीख, वेतनाचा कालावधी, वेतन देण्याची तारीख व वेळ, साप्ताहिक सुट्टीचा वार, निरीक्षक तथा सुविधाकाराचे नाव व कार्यालयाचा पत्ता. यांपैकी साप्ताहिक सुट्टीचा उल्लेख सोयीसाठी सुचविला आहे, अन्य बाबी कायद्याने आवश्यक आहेत. निरीक्षकाचे नाव व पत्ता जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयातून मिळवावा. त्यांची बदली झाल्यास फलकावरील नावही बदलावे.

उपसंहार

औषधीच्या बाटलीवर घटकद्रव्ये, मात्रा, निर्मितीचा दिनांक व परवाना क्रमांक छापल्याशिवाय आपण ती बाजारात पाठवीत नाही. जो ते औषध घेतो त्यास आत काय आहे हे कळण्याचा अधिकार आहे, हे आपण मान्य केले आहे. ते औषध ज्याच्या हातून तयार होते त्यासही आपल्या श्रमाचा मोबदला, कामाची वेळ आणि तक्रारीची जागा कळण्याचा तितकाच अधिकार आहे. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधनिर्मात्यांनी हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी आपल्या आस्थापनेतील भिंत एकदा कामगाराच्या जागी उभे राहून वाचावी. तेथे त्याच्यासाठी काहीच लिहिलेले नसेल, तर वेतनविषयक सूचनेपासून आरंभ करावा. तिला एक कागद व अर्ध्या दिवसाचे श्रम पुरेसे आहेत.